पाय सोडून बाकीचा माणूस

आमच्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी नव्हत्या, तरी पी.टी.चे सर जमिनीवरच बसत. खिडकीखाली त्यांची सतरंजी, तिच्यावर गुडघे मुडपून ताठ बसलेले सर आणि हजेरी लिहायला पुढ्यात एक बुटका पाट. हेडमास्तरांना हे बिलकूल खपत नसे. तपासणीला साहेब यायचे असले की ते सरांना विनवायचे, की आजच्या दिवस तरी खुर्चीवर बसा. सर बसायचे. पण थोड्याच वेळात त्यांचे पाय आपोआप वर यायचे आणि ते खुर्चीवरच मांडी ठोकायचे. ते जमिनीवर बसण्यापेक्षा वाईट दिसायचं. शेवटी हेडमास्तरांनी नाद सोडला.

मी त्याच शाळेत शिकले आणि पुढे त्याच शाळेत गणित शिकवायला लागले. त्यामुळे सर मला स्टाफरूममध्ये ‘मॅडम’ म्हणत आणि फाटकाबाहेर पडलो की ‘पोरी’. दोन्हीत त्यांना काही अडचण वाटत नसे. मला वाटायची, पण ऐकतो कोण.

सरांची पहिली खोड म्हणजे ते माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पोटाकडे बघत. नवीन शिक्षक रुजू झाला की बाकीचे त्याची डिग्री विचारत, आणि सर त्याच्या शर्टाच्या खालच्या बटणाकडे टक लावून बसत. मग केव्हातरी हळूच म्हणत, “तोंड हासून राह्यलं, पण पोट आवळून धरलं हाये.” माणूस बिचारा गोंधळून जायचा. मला याचा भयंकर राग यायचा, कारण सरांचं निदान बरेचदा बरोबर निघे आणि ते कसं काढलं याची रीत मात्र ते फळ्यावर मांडून दाखवू शकत नसत. उत्तर बरोबर, रीत नाही, अशा पोराला मी निम्मे गुण देते.

दुसरी खोड अंगठ्यांची. सरांचे अंगठे रुंद होते, टोकाला चपटे. रोज सकाळी ते नखं ब्लेडनं अगदी मांसालगत कापत. अंगठ्यांना धक्का लागेल असं कोणतंही काम ते करत नसत. सुतळीची गाठ सोडायची असली की दुसऱ्याला हाक मारत. क्रिकेटचा चेंडू अंगावर आला तर हा पी.टी.चा मास्तर दोन्ही हात पाठीमागे लपवून बाजूला सरकायचा, आणि पोरं हसून लोळायची.

या अंगठ्यांनी ते शिआत्सु करत. आमच्याकडे हे नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही. लोक म्हणत, जपानी दाबणं. सर सांगायचे की ‘शी’ म्हणजे बोट आणि ‘आत्सु’ म्हणजे दाब. पण लगेच पुढे म्हणायचे की दोन्ही शब्द फसवे आहेत, कारण हे काम बोटाचं नाही आणि दाबायचं तर मुळीच नाही.

शिकले कुठे, तर बुद्धगयेला. छप्पन साली ते वडिलांबरोबर नागपूरला दीक्षेला गेले होते, तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलं होतं. तिथून परतले ते डोक्यात बुद्धगया घेऊनच. पुढे कॉलेज अर्ध्यावर टाकून ते खरंच तिकडे गेले, आणि एका जपानी देवळात झाडलोट करायला राहिले. तिथल्या म्हाताऱ्या भंतेंची पाठ धरलेली असायची. भंतेंना हिंदी येत नव्हती, सरांना जपानी येत नव्हती. भंते पालथे पडायचे आणि या पोराचा अंगठा हवा तिथे नेऊन ठेवायचे. चुकला तर उचलून दुसरीकडे ठेवायचे. जोर लावला तर हातावर चापट मारायचे. दोन हिवाळे अशी शिकवणी चालली. सर म्हणायचे की जगात एवढा चांगला वर्ग दुसरा नाही, मास्तर झोपलेला आणि विद्यार्थी जागा.

संध्याकाळी शाळा सुटली की सरांच्या ओसरीवर माणसं यायची, कधीमधी मीही तिथे टेकायचे. आमचं तालुक्याचं गाव रेल्वेच्या छोट्या लाइनवर होतं. गाडी धिमी, पण ती बल्लारपूरच्या कागद कारखान्यातले आणि माजरीच्या खाणीतले लोक आणायची. अहेरीकडचे लाकूडतोडे बसनं यायचे. कंबर धरलेले, मान आखडलेले, झोप उडालेले. कोणी मोबदल्याची गोष्ट काढली की सर चिडायचे, म्हणून लोक गुपचूप ओसरीवर भोपळा नाहीतर वांगी ठेवून जायचे. ताप, मोडलेलं हाड आणि पोटुशी बाई यांना मात्र सर हात लावत नसत. त्यांना सरळ सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवत, आणि पोहोचले की नाही ते सायकलवर जाऊन बघून येत.

आमच्या भागात अंग दाबणं म्हणजे तेल आणि जोर. तेव्हा लोक काय करायचे, तर घरूनच मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल अंगभर चोपडून यायचे. सरांचं तर सगळं काम कपड्यावरून, कोरड्या हातानं, जमिनीवर. असाच एक खाणकामगार एकदा तेलानं निथळत आला आणि सतरंजीवर पडला. सरांचा अंगठा त्याच्या मणक्यापाशी टेकला आणि सूं करून बरगडीवर गेला. दुसऱ्यांदा तेच. सरांनी त्याला उठवलं, विहिरीवर नेलं, साबणाची वडी दिली आणि स्वतः पाणी शेंदलं. तो थंडीत कुडकुडत परत आला, तर सर त्याच्या पोटऱ्या धरून बसले. तासभर तेच. जाताना तो मला म्हणाला, “बाई, मी कंबर घेऊन आलो होतो. सर त तिच्याकडे पाह्यले बी नाई.” पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, आंघोळ करून.

हे सरांचं मुख्य सूत्र होतं. दुखते ती जागा सोडा, असं ते म्हणत. “दुखणं भरलेल्या जागेत असते, ते ओरडते. पण त्याच्याच बाजूनं कुठी तरी रिकामी जागा असते, ते गप रायते. गप रायते तिले शोधाचं.” आणि ती जागा शोधायला ते सगळा माणूस धुंडाळायचे. टाच, पोटरी, मांडी, पोट, पाठ, हात, मान. सुरुवात पायापासून, यात बदल नाही. डावा हात एका जागी ठेवलेला, तो हलायचा नाही, त्याला ते आईचा हात म्हणत. उजवा हात फिरायचा, तो लेकराचा. आई जागेवर आहे हे कळलं की लेकरू बिनधास्त फिरते, असं त्यांचं म्हणणं. आणि अंगठा ते दाबत नसत, टेकवत. समोरच्यानं श्वास सोडला की आपलं सगळं वजन त्या अंगठ्यावर सैल सोडायचं, त्यानं श्वास घेतला की मागे यायचं. कारखान्यातले गडी ओरडायचे, की सर, जोर लावा, कळू तर द्या काही. सर म्हणायचे, जोर लावला तर तुमचं अंग भांडाले उठन, मले भांडाचं नाई.

वर्गातही तेच. कवायतीच्या तासाला पोरांना जोडीनं पाठीला पाठ लावून बसवायचे आणि दुसऱ्याचा श्वास ऐकायला लावायचे. आम्ही पोरी तेव्हा फिदीफिदी हसायचो. पण मॅट्रिकच्या परीक्षेच्या आधी माझी झोप उडाली होती, तेव्हा सरांनी मला स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसायला शिकवलं, ते आजही मी करते. विश्वास नसताना करते, हेही सांगून टाकते.

आता बाबांचं सांगते, कारण सरांची आठवण म्हटलं की माझ्यासमोर बाबा आणि सर दोघं एकदमच येतात.

आम्ही ढीवर. माझं गाव शाळेपासून सायकलच्या रस्त्यावर, मोठ्या तलावाच्या काठी. बाबा तलावात जाळं टाकायचे. हातानं फेकायचं गोल जाळं, काठाला शिशाच्या गोळ्या लावलेलं. ते खांद्यावरून असं सुटायचं की पाण्यावर पडेपर्यंत पुरं उघडलेलं असायचं. माघात तलाव उघडायचा, म्हणजे साऱ्या गावानं मिळून मासोळी काढायची. त्या दिवशी पहिलं जाळं बाबांनी टाकायचं असा रिवाज पडला होता. ते पडेपर्यंत बाकी कोणी पाण्यात पाय घालत नसे. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पुढारीपण नव्हतं, बोलणंही मोजकं. त्यांचा मान म्हणजे ते एक जाळं.

एका वर्षी भादव्यात बाबांचा उजवा खांदा धरला. आधी दुखायला लागला, मग आखडला, मग हात छातीच्या वर जाईना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, हात हलवत ठेवा, वेळ लागेल पण सुटेल असं सांगितलं. पण हलवला की कळ यायची, म्हणून बाबांनी हलवणंच बंद केलं. सदरा आई घालून द्यायची. हळूहळू ते तलावाकडे जाईनासे झाले. जाळं दुरुस्त करायला घेत आणि तसंच मांडीवर ठेवून बसत. दसऱ्याला गावची मंडळी यंदा पहिलं जाळं कोणी टाकायचं ते विचारायला आली, तर बाबा म्हणाले, “टाका कोणीबी. मी पाळीवर येणार नाई.” त्यांनी ते अशा आवाजात म्हटलं की मला त्याची भीती वाटली. बाबा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गेले नाहीत तर ते पुन्हा कुठेच जाणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसलं. दुसऱ्या दिवशी मी सरांच्या सतरंजीपाशी जाऊन उभी राहिले.

सर म्हणाले, “माह्याकडे खांदा नको आणू पोरी. माणूस आण.” माणूस काही यायला तयार नव्हता. मग रविवारी सरच सायकलवर आमच्या घरी आले. मागे सतरंजी बांधलेली.

त्यांनी जयभीम केला, बाबांनी रामराम केला. आईनं घरातल्याच कपात चहा दिला, आणि तो कप आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं कुडाच्या पलीकडून नीट बघून घेतला. सरांनी अंगणात सतरंजी घातली, बाबांना आडवं केलं आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या पायांशी गुडघे टेकून बसले. त्यांनी हात पुढे केला आणि बाबांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. सरांना वाटलं गुदगुल्या झाल्या. पुन्हा हात नेला, तर बाबा उठूनच बसले. म्हणाले, राहू द्या. सर थांबले, सतरंजी गुंडाळली आणि निघाले. त्यांनी सायकल काढली तेव्हा शेजारचा म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, की आता अंगाले हात लावाले बी तिकडच्या मोहल्ल्यातूनच माणूस आणा लागते का. सरांच्या मानेवरची शीर ताठ झाली, पण ते मागे वळले नाहीत.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस असून आले. बाबा चहा पाजत, पिकाची विचारपूस करत, सतरंजीवर आडवेही होत, पण पायाजवळ हात गेला की उठून बसत. खांदा तेवढा बघा म्हणत. सर म्हणत, पायापासून. दोघेही हट्टी, आणि मी मध्ये. मला बाबांची लाज वाटत होती, कारण म्हाताऱ्याचं ते बोलणं ऐकून जे सरांना वाटत होतं तेच मला वाटत होतं.

एका सोमवारी स्टाफरूममध्ये कोणी नसताना सर म्हणाले, “मॅडम, मले सवय हाये याची. लहानपणापासून पाह्यत आलो. पण मी येणं सोडणार नाई. त्याइले एक दिवस थकाच लागन.” त्यांचा चेहरा शांत होता आणि अंगठे मुठीत आत दाबलेले होते. ते बघून मला बाबांशी बोलल्याशिवाय राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना धरलं. ते अंगणात डाव्या हातानं जाळ्याला गाठी मारत होते. मी स्पष्टच विचारलं, की सर आपल्या जातीचे नाहीत म्हणून तुम्ही त्यांना हात लावू देत नाही का. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी एखादा घाण शब्द बोलले.

“काऊन मनात आणलं असं?” ते म्हणाले. “त्या माणसानं तुले शिकवलं. त्यानं शिकवलं म्हणून तू खुर्चीवर बसतेस. ज्याचे पाय मी धरावे, त्याच्या हातात माहे पाय देऊ? कोणत्या तोंडानं देऊ, सांग.”

मला हसू आलं आणि रडूही. सरांनी मला गणित शिकवलंच नव्हतं, ते आम्हाला मैदानात पाठीला पाठ लावून बसवायचे. पण बाबांच्या लेखी शाळेतला प्रत्येक माणूस माझ्या खुर्चीचा एक पाय होता. मी म्हटलं, सर असं काही मानत नाहीत, त्यांना तर कोणी पाया पडलेलंही चालत नाही. बाबा म्हणाले, ते मानत नसन, मी मानतो. विषय संपला.

हे मी सरांना सांगितलं, तेव्हा ते हजेरी लिहीत होते. पेन थांबलं. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलं नाही.

“मी दुसरंच समजून राह्यलो होतो,” ते म्हणाले. मग म्हणाले, “हे त अजून कठीण हाये. जात असती त भांडलो असतो. याच्याशी कसं भांडू?”

पुढच्या रविवारी सरांनी जे केलं, ते त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कोणासाठी केलं नसेल. आमच्या अंगणात उभं राहून ते म्हणाले, “भाऊ, तुमच्या पायाले माहा हात लागणार नाई. शब्द देतो. पाय सोडून बाकीचा माणूस द्या.” बाबा लगेच आडवे झाले.

मग सुरू झालं ते माघापर्यंत चाललं. एक रविवार खाडा नाही. भाताची कापणी चालू असताना सर यायचे, थंडीत कानाला मफलर गुंडाळून यायचे. सुरुवात ते डाव्या खांद्यापासून करायचे, चांगल्या. बाबा मान वळवून म्हणायचे, “तो त धड हाये, त्याले काऊन दाबून राह्यले?” सर म्हणायचे, “दोघाईचं काम तो एकटा करून राह्यला भाऊ. त्याले कोणी इचारलं का?” मग पाठ, मग कंबर, मग हाताची बोटं एकेक. पोटावर तळवा ठेवून ते नुसते बसून राहायचे, बाबांचा श्वास खाली उतरेपर्यंत. दुखऱ्या खांद्याची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तिथे ते इतके हलके व्हायचे की मला वाटायचं हात टेकलाच नाही. पण बाबा डोळे मिटून पडलेले असायचे, आणि एके दिवशी मी त्यांना घोरताना ऐकलं. भादव्यापासून त्यांना झोप नव्हती. आई चुलीपाशी बसून डोळे पुसत होती.

दर वेळी सतरंजी गुंडाळताना सर स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, पण मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायचे, “अर्धा राह्यला.” बाबा ऐकू न आल्याचं दाखवायचे. हा त्यांचा निरोप घ्यायचा प्रकार होऊन बसला.

हात नाकापर्यंत आला. मग कानापर्यंत. डॉक्टरांनी सांगितलेलं हलवणं आता बाबा करायला लागले, कारण कळ सोसवत होती. सरांनी दाबल्यानं सुटला की हलवल्यानं सुटला की वेळ होऊन गेला म्हणून सुटला, हे मला सांगता येत नाही आणि मी सरांनाही तसं म्हणाले. सर म्हणाले, “तीनही असन. तू वेगळं काऊन करून राह्यली?” गणिताची बाई दुसरं काय करणार.

पण कानाच्या वर हात जाईना. माघ आला, तलाव उघडायचा दिवस ठरला, आणि जाळं फेकायला तर हात डोक्यावरून जायला हवा. तेव्हा सर म्हणाले, की जाळं खांद्यानं फेकूच नका, पोटानं फेका. टाच जमिनीत रोवायची, पोट वळवायचं, हात नुसता मागोमाग येऊ द्यायचा. बाबांना हे फार लागलं. पी.टी.चा मास्तर ढीवराला जाळं शिकवतो. ते म्हणाले, तसं तर म्हातारे फेकतात, ज्यांच्यात जोर उरला नाही ते. माझा बाप शेवटी शेवटी तसंच फेकत होता.

सर म्हणाले, “मासोळ्या येत होत्या का त्याले?”

संध्याकाळी कोरड्या अंगणात बाबा जाळं घेऊन उभे राहिले आणि त्यांनी ते फेकलं. तुळशीवर अडकलं. पुन्हा फेकलं. आई म्हणाली जेवायला चला. ते अंधार पडेपर्यंत फेकत राहिले, आणि मग रोज फेकत राहिले. ओठ आवळलेले, घाम फुटलेला. जो माणूस पाळीवर पाय ठेवणार नव्हता त्याला आता दुसरं काही सुचत नव्हतं.

पुढे सर रिटायर झाले, ओसरीवर माणसं येतच राहिली, आणि शेवटपर्यंत त्यांचे अंगठे शाबूत होते. गेले तेही झोपेत, जमिनीवर घातलेल्या सतरंजीवर. त्यांच्या मागे हे काम कोणी धरलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मला शिकवायला ते तयार होते, पण माझे अंगठे खडू धरण्यापुरतेच. आणि आता मी म्हातारपणाकडे निघाले असताना कोणी विचारलं की सर कसे होते, तर माझ्या डोळ्यांपुढे ती माघातली सकाळच येते.

सगळं गाव पाळीवर होतं. थंडी मी म्हणत होती, पाण्यावरून वाफ निघत होती. सर सायकल टेकवून लोकांच्या मागे उभे राहिले, मफलर बांधून. बाबा जाळं खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यात उतरले. टाच रोवली. पोट वळलं. जाळं सुटलं आणि उघडलं, पण पूर्वीसारखं गोल नाही, एका अंगाला चपटं. पाळीवरची माणसं माना उंचावून बघू लागली. बाबांनी ते सावकाश ओढलं, तर त्यात मासोळी चमकली, आणि मग लोक कल्ला करत पाण्यात घुसले. मी सरांकडे बघितलं. ते बाबांच्या टाचांकडे बघत होते.

बाबांनी दुसरं जाळं टाकलं, तिसरं टाकलं. बहुतेक इतक्या महिन्यांत अंग पाण्याला पारखं झालं होतं. चौथ्याला ते एकदम वाकले. पोटरीत गोळा आला होता. दोघांनी धरून त्यांना पाळीवर आणून बसवलं. पोटरी दगडासारखी वर आली होती आणि बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. कोणी म्हणालं चोळा, कोणी म्हणालं तेल आणा. शेजारचा म्हातारा हात लावायला वाकला तर बाबांनी त्याला दूर केलं. सर गर्दीतून पुढे आले आणि चार हातांवर थांबले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते. शब्द दिलेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर जी तळमळ होती ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

बाबांनी मान वर करून त्यांना शोधलं आणि त्यांचे पाठीमागे धरलेले हात बघितले.

“सर,” ते म्हणाले, “या इकडे.”

सर आले. बाबांनी दोन्ही हातांनी आपला गुडघा धरला आणि पाय लांब केले, सरळ सरांच्या दिशेनं. चिखलानं माखलेले, थंडीनं निळे पडलेले. आमच्याकडे मोठ्या माणसाकडे पाय करून बसलं तर लहान पोरालाही फटका बसतो. शेजारच्या म्हाताऱ्यालाच ते सहन झालं नाही.

“अरे, सर हायेत ते,” तो म्हणाला. “त्याइच्याकडे पाय काऊन करतं?”

“म्हणूनच,” बाबा म्हणाले. आणि मग सरांना म्हणाले, “घ्या. राह्यलेलं घ्या.”

सरांनी मफलर काढला आणि त्यानं बाबांचे पाय पुसले, आधी एक, मग दुसरा, बोटांच्या बेचक्यांतला चिखलसुद्धा. मग ते ओल्या मातीत गुडघे टेकून बसले. डावा हात त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर ठेवला आणि उजवा अंगठा पोटरीखाली नेऊन थांबवला. ते वाट बघत होते. पाळीवरची माणसंही थांबली.

“सोडा भाऊ,” सर म्हणाले.

आणि बाबांनी साऱ्या गावासमोर श्वास सोडला.